जुनी गाडी कुणाच्या नावावर?

 

आजचा भाग जरा घरगुती आहे. गेल्या काही महिन्यांत तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारलाय. "गावाकडं आईवडिलांसाठी जुनी कार घ्यायचीय, बघायचं काय?" मी काही गाड्यांचा तज्ज्ञ नाही. नांदेडला बीटेक केलं, पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करतो. पण नोव्हेंबर 2025 मध्ये आम्ही घरासाठी जुनी गाडी घेतली, त्या एका शनिवारात मला जे कळलं ते दहा व्हिडिओ बघून कळलं नव्हतं. ते सांगतो. यात इंजिन आहे, टायर आहेत, पण खरा मुद्दा कागदाचा आहे, तेव्हा शेवटपर्यंत थांबा.

गाडी कशाला पाहिजे?

आमचं गाव सेलू तालुक्यात, परभणी जिल्ह्यात. सेलू म्हणजे मनमाड-सिकंदराबाद रेल्वे लाईनवरचं, परतूर आणि मानवत रोडच्या मधलं स्टेशन. गावापासून सेलू जवळ आहे, पण "जवळ" हा शब्द दिवसाचा आहे. रात्री दोन वाजता काकूच्या छातीत दुखायला लागलं, तेव्हा चार घरं उठवावी लागली. एकाची जीप परगावी, दुसऱ्याच्या गाडीत डिझेल नाही. शेवटी तिसऱ्यानं नेलं, काकू बरी झाली. पण त्या रात्रीनंतर मी ठरवलं की दारात स्वतःचं चारचाकी वाहन पाहिजे.

बाबांचं मत वेगळं होतं. सप्टेंबर 2025 मध्ये मराठवाड्यात जो पाऊस झाला तो तुम्हाला आठवत असेल. आमचं अर्धं सोयाबीन पाण्यात गेलं, उरलेलं काळं पडलं. बाबांचं म्हणणं होतं, "पैसा आलाच आहे तर पाईपलाईन कर. गाडी उभ्यानं खाती." चुकीचं नव्हतं ते. शेवटी आईनं एका वाक्यात निकाल लावला. "पाईपलाईन रात्री दवाखान्यात नेती का?"

बजेट साडेतीन लाख. सगळे माझ्या बचतीचे, कारण यंदा वावरातून काढायला काही नव्हतंच.

सकाळची कामं

शनिवारी पहाटे पाचला बाबांनी उठवलं. गाडी बघायला दुपारी जायचं होतं, पण दुपार व्हायच्या आधी आखाड्यावरची कामं उरकायला लागतात. आमच्याकडं वावरातल्या घराला, गोठ्याला मिळून आखाडा म्हणतात, कुस्तीचा नव्हे. शेण काढलं, गव्हाणीत कडबा टाकला, बाबांनी म्हशीची धार काढली. रात्रपाळीची लाईट होती, म्हणून हरभऱ्याला लावलेले स्प्रिंकलर लाईट जायच्या आत एकदा बदलून घेतले. थंडीत ओले पाईप खांद्यावर घेऊन चालणं हा जिमपेक्षा स्वस्त व्यायाम आहे, एवढंच सांगतो.

मग कापूस. वेचणीला बायका आल्या, पण आईनं नऊ वाजेपर्यंत कुणाला सरीत शिरू दिलं नाही. दव वाळल्याशिवाय बोंडाला हात नाही. कारण सरळ आहे. 2025-26 च्या हंगामात कापसाचा हमीभाव लांब धाग्याला क्विंटलमागे 8,110 रुपये आणि मध्यम धाग्याला 7,710 रुपये होता. पण सीसीआय घेते तो 8 ते 12 टक्के ओलावा असलेला कापूस. 8 च्या वर गेलं की भाव कापतात, 12 च्या वर गेलं की माल परत. आणि 2025 च्या हंगामापासून त्यासाठी 'कपास किसान' ॲपवर नोंदणीही लागते. ते काम घरातल्या इंजिनियरकडं आलं. सातबारा, पेरा, आधार, सगळं जुळवून बाबांची नोंद केली. बाबा शेजारी बसून प्रत्येक रकाना वाचायला लावत होते. गट नंबर दोनदा तपासला.

"एवढं काय बघता?" मी विचारलं.

"कागदात चुकलं की वावर आपलं राहत न्हाई, बाबा," ते म्हणाले. आमच्याकडं बाप पण लेकाला बाबा म्हणतो.

हे वाक्य लक्षात ठेवा. दुपारी त्याचीच परीक्षा झाली.

बैलाचे दात आणि टायरचा नंबर

सोबत माझा शाळेतला मित्र होता. सेलूत त्याचं गॅरेज आहे. पहिला सल्ला इथंच घ्या: ओळखीचा मेकॅनिक सोबत न्या आणि त्याला दिवसाचे पैसे द्या. फुकट आलेला मेकॅनिक भिडेपोटी बोलत नाही.

पण खरी तपासणी बाबांनी सुरू केली. बाबांनी आयुष्यात कार घेतलेली नाही, बैल मात्र बरेच घेतलेत. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या यात्रेतून एकदा लाल कंधारी जोडी आणलेली. बैल घेताना आधी दात बघतात. दोन दाती, चार दाती, सहा दाती, आणि मग जुळलेला. तोंडानं कुणी काहीही सांगू दे, वय दातात लिहिलेलं असतं.

मित्र म्हणाला, "काका, गाडीलाही दात असतात." त्यानं टायरच्या बाजूचा चार आकडी नंबर दाखवला. 3617 असेल तर 2017 सालचा 36 वा आठवडा. काचांवर आणि सीटबेल्टच्या पट्टीवर पण तारखेची खूण असते. गाडी 2017 ची आणि एकाच बाजूच्या काचा 2021 च्या, म्हणजे त्या बाजूला काहीतरी घडलेलं आहे. विचारायचं.

बाबांची दुसरी पद्धत: बैल बसलेला असताना जायचं आणि उठताना बघायचं. आधीच फिरवून आणला की लंगडणं लपतं. गाडीचंही तेच. पहिल्यांदा बोनेटवर हात ठेवा. गरम असेल तर इंजिन आधीच चालू करून ठेवलंय. थंड गाडी तुमच्यासमोर चालू झाली पाहिजे. निळसर धूर म्हणजे ऑईल जळतंय, काळा धूर म्हणजे इंधन नीट जळत नाही, आणि पांढरा दाट धूर थांबतच नसेल तर कूलंट आत जात असण्याची शंका.

यंदा आणखी एक गोष्ट. सप्टेंबरच्या पुरात कितीतरी गाड्या बुडाल्या. त्यातल्या काही धुऊन-पुसून बाजारात येणार. म्हणून पायाखालचं कार्पेट उचला, स्टेपनीची जागा बघा, सीटखालचे बोल्ट बघा. गाळाचा थर, कुबट वास, नको तिथं गंज दिसला तर हात जोडून निघा. पाणी वायरिंगमध्ये शिरलं की रोग लगेच दिसत नाही, सहा महिन्यांनी दिसतो.

पहिली गाडी: दणकट गाडी, पोकळ कागद

पहिली गाडी परभणीत एका विक्रेत्याकडं बघितली. 2014 ची डिझेल सेडान, मागणी दोन लाख साठ हजार. खरं सांगतो, गाडी सुंदर होती. इंजिन थंड, एका चावीत चालू, धूर नाही. मित्रानं ओबीडी स्कॅनर लावला, एकही एरर कोड नाही. तो खाली झोपून चेसिस बघून आला आणि मान डोलावली. बाबा तर खूषच. डिक्की उघडून म्हणाले, "तुरीचे दोन पोते सहज बसतील."

मग मी आरसी मागितली. आरसीवर पुण्यातल्या एका माणसाचं नाव. त्यानं दुसऱ्याला विकली, दुसऱ्यानं या विक्रेत्याला दिली. नाव कुणीच बदललं नव्हतं. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला, तर त्या पहिल्या मालकाच्या कर्जाचा बोजाही अजून चढलेला. कर्ज फिटलं असेलही, पण बँकेचं पत्र आणि फॉर्म 35 देऊन बोजा उतरवल्याशिवाय कागदावर ती गाडी तारणच राहते.

विक्रेता म्हणाला, "मालक, काळजी नका करू. पाचशेच्या स्टँपवर लिहून देतो. सगळे असंच चालवतात. वरून अजून दहा हजार कमी करतो."

मी बाबांना बाजूला घेतलं आणि एवढंच म्हटलं, "बाबा, समजा एक एकर स्वस्तात मिळतंय. विकणारा म्हणतो स्टँपवर लिहून देतो, पण सातबारा तिसऱ्याच माणसाच्या नावावर, आणि त्यावर बँकेचा बोजा. घ्याल का?"

बाबांनी डिक्कीचं झाकण बंद केलं. "चल," म्हणाले.

इथं एक माहितीची गोष्ट. एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांसाठी केंद्राचे नियम आहेत. विक्रेत्यानं आरटीओकडून अधिकृतपणाचं प्रमाणपत्र घ्यायचं, आणि गाडी त्याच्या ताब्यात आली की मूळ मालकानं ते पोर्टलवर कळवायचं. म्हणजे विक्रेत्याकडून घेताना सरळ विचारा: तुमचं प्रमाणपत्र दाखवा, आणि मूळ मालकानं गाडी तुमच्याकडं दिल्याची नोंद दाखवा.

दुसरी गाडी

परतीची वाट मानवत, पाथरीमार्गे धरली. मानवतला एक निवृत्त गुरुजी त्यांची वॅगनआर विकत होते. 2017 ची, पेट्रोल, 62 हजार किलोमीटर, पहिल्यापासून एकच मालक. एमएच 22, म्हणजे परभणीचंच पासिंग.

ही गाडी पहिलीइतकी देखणी नव्हती. क्लच जड लागत होता. टायर कंपनीतून आलेले, म्हणजे आठ वर्षांचे, नक्षी शिल्लक पण रबराला बारीक भेगा. मागच्या बंपरवर खरचटलेलं. पण गुरुजींनी एक फाईल काढली, त्यात प्रत्येक सर्व्हिसिंगचं बिल, तारखेनुसार. बिलांवरचे किलोमीटर आणि मीटरवरचा आकडा यांची चढण बरोबर जुळत होती. मीटर मागं फिरवलाय का हे ओळखायचा याहून सोपा मार्ग नाही. विमा चालू, पीयूसी चालू, कर्ज कधी नव्हतंच, ई-चलान एकही बाकी नाही, नवी एचएसआरपी नंबर प्लेट बसवलेली. एप्रिल 2019 च्या आधीच्या गाड्यांना ती प्लेट बसवून घ्यावी लागते, तेव्हा तेही बघा.

मागणी तीन लाख दहा हजार. भाव करताना भावनेवर नाही, आकड्यावर बोला. मित्रानं चार टायरचे सोळा हजार आणि क्लचचे आठ हजार कागदावर मांडले. मी दुसरा आकडा ठेवला. 22 सप्टेंबर 2025 पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आलाय. तेव्हा नवीन वॅगनआरचं साधं मॉडेल एक्स-शोरूम पाच लाखांच्या आसपास मिळत होतं. नवीनचा भाव उतरला की जुनीचा उतरायलाच पाहिजे. गुरुजी हिशेबी माणूस, त्यांनी स्वतःच कॅल्क्युलेटर घेतला. दोन लाख पंच्याऐंशी हजारांवर ठरलं. दहा हजार इसार दिला, त्याची पावती घेतली, बाकी रक्कम सह्यांच्या दिवशी बँकेतून. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत घेणं आयकर कायद्यानं बंद आहे, त्यामुळं कुणी "सगळी कॅश द्या" म्हणालं तर तिथंही थांबा.

विकणाऱ्याचं काय अडतं?

चहा पिताना गुरुजींनी एक प्रश्न विचारला. "नाव लवकर करून घ्या बरं का. तुमच्यापेक्षा मला घाई आहे." बाबांना नवल वाटलं. विकून पैसे मिळाले, मग विकणाऱ्याचं काय अडतं?

गुरुजींचं बरोबर होतं. सुप्रीम कोर्टाचा 2018 चा निकाल आहे, नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार. त्यात मूळ मालकानं गाडी विकली होती, पुढं ती आणखी काही हातांतून गेली, पण आरटीओच्या नोंदीत नाव मूळ मालकाचंच राहिलं. मग अपघात झाला. कोर्टानं सांगितलं, मोटार वाहन कायद्याच्या दृष्टीनं नोंदीत ज्याचं नाव तो मालक. भरपाईची जबाबदारी त्याच्यावर. अपघातात सापडलेल्या माणसानं गाडी कुणाकुणाकडं फिरली हे शोधत बसायचं नाही.

आणि याच कायद्याचं कलम 174 सांगतं की अशी भरपाई दिली नाही तर ती कलेक्टरमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. शेतकऱ्याला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

मी हे सांगत होतो आणि बाबांच्या हातातला कप तसाच राहिला. थोड्या वेळानं म्हणाले, "आपली जुनी मोटरसायकल बघ बरं. कुणाच्या नावावर दाखवते?"

ती मोटरसायकल बाबांनी 2018 मध्ये शेजारच्या गावातल्या एका ओळखीच्याला विकलेली. स्टँपवर लिहून. मी नंबर टाकला. ॲपमध्ये मालकाचं नाव अर्धं ताऱ्यांनी झाकलेलं येतं, पण आपल्या बापाचं नाव अर्धंही ओळखू येतं. नाव बाबांचंच. आणि खाली विम्याची मुदत: 2020 मध्येच संपलेली.

म्हणजे पाच वर्षं ती मोटरसायकल विम्याशिवाय, बाबांच्या नावावर, रोज रस्त्यावर. देव न करो, पण कुणाला धडकली असती तर नोटीस आमच्या दारात आली असती, आणि वसुली आमच्या वावरावर.

घरी येईपर्यंत गाडीत कुणी फार बोललं नाही. रविवारी सकाळी धारा काढून झाल्यावर बाबा आणि मी त्या गावाला गेलो. माणूस भला होता. त्यालाही माहीत नव्हतं. उलट म्हणाला, "दादा, मला वाटलं स्टँप झाला म्हणजे झालं." त्याच्यासमोर मोबाईलवर आधी थर्ड पार्टी विमा काढला, मग फॉर्म 29 आणि 30 भरले, बाबांनी सह्या केल्या. उशिराचा दंड निम्मा निम्मा भरायचं ठरलं. सरकारी फी काही शेकड्यांची, आणि त्यासाठी सात वर्षं वावर टांगणीला.

हे लिहून घ्या

आता थोडक्यात, पेन असेल तर घ्या.

एक. गाडी बघायच्या आधी नंबर मागा आणि एमपरिवहनवर टाका. कितवा मालक, बोजा आहे का, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत, हे घरबसल्या कळतं. चलान वेगळं तपासा.

दोन. आरसीवर ज्याचं नाव तोच समोर सही करणारा पाहिजे. तो वारला असेल तर आधी वारसाच्या नावावर गाडी होऊ द्या, मग व्यवहार.

तीन. इंजिन नंबर आणि चेसिस नंबर आरसीशी स्वतः जुळवा. फोटोवर नाही, गाडीवर.

चार. फॉर्म 29 आणि 30. एकाच राज्यात विकणाऱ्यानं 14 दिवसांत कळवायचं, घेणाऱ्यानं 30 दिवसांत अर्ज करायचा. अर्जाच्या वेळी ओटीपी जुन्या मालकाच्या नोंदलेल्या मोबाईलवर जातो, म्हणून तो नंबर चालू आहे ना हे पैसे द्यायच्या आधी बघा.

पाच. विमा 14 दिवसांत आपल्या नावावर करायला कंपनीला कळवा. थर्ड पार्टीचा भाग गाडीसोबत आपल्याकडं येतो असं कायदा धरतो, पण आपल्याच गाडीचं नुकसान झालं तर नाव न बदललेल्या पॉलिसीवर दावा अडतो. आणि नो क्लेम बोनस हा माणसाचा असतो, गाडीचा नाही. तो विकणाऱ्याकडंच राहतो, तेव्हा पुढचा हप्ता थोडा जास्त येणार हे धरून चाला.

सहा. खासगी कारची नोंदणी पहिल्या तारखेपासून 15 वर्षं चालते. आमची 2032 पर्यंत. पुढं फिटनेस तपासणी आणि नूतनीकरणाची फी. आज खूप स्वस्त मिळणारी गाडी तेरा-चौदा वर्षांची तर नाही ना, बघा.

सात. हे सगळ्यात महत्त्वाचं. आज रात्री घरी विचारा, आपण आजवर विकलेली वाहनं कोणती? जुनी स्कूटर, ट्रॅक्टर, टेम्पो. प्रत्येकाचा नंबर टाकून बघा.

वॅगनआरचं नाव आमच्याकडं लागलं. आरसी आईच्या नावावर केली. बाबांचीच सूचना होती, म्हणाले, "तिनंच मागितली, तिच्याच नावावर कर." आई ती छापील आरसी देवघरातल्या डब्यात सातबाऱ्याच्या उताऱ्याशेजारी ठेवते. क्लच नवीन टाकला, टायर बदलले. कपाशीची तिसरी वेचणी झाली, पाईपलाईनचा विषय पुढच्या खरिपावर गेलाय. बाबा अजून दर चार दिवसांनी तो काढतात.

तर मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्याकडं असा अडकलेला एखादा कागद निघाला, किंवा सुटला, तर मला नक्की कळवा, पुढच्या एखाद्या भागात त्यावर बोलू. तोपर्यंत गाडी सावकाश चालवा, आणि रात्री उसाच्या ट्रॉलीमागं चालवताना अंतर ठेवा, सगळ्याच ट्रॉलींना मागं रिफ्लेक्टर नसतात.